डॉ. हॅरॉल्ड मॅन : राब आणि हिरवळीचें खत

तिसगांवच्या शिवारांत भात पिकत नाहीं, हें येथील वाचकांस सांगावयास नको. पाथर्डी तालुक्याचा हा भाग अवर्षणाचा. बाजरी, ज्वारी, तूर, मूग हीं आमचीं पिकें, आणि आभाळाकडे डोळे लावून बसणें ही आमची जुनी संवय. परंतु ह्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या, पश्चिम टोंकास अकोलें तालुका आहे. तेथें राजूर, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर ह्या बाजूस सह्याद्रीवर पाऊस अतोनात कोसळतो, आणि लोक गुडघाभर चिखलांत उभे राहून भात लावितात. एका टोंकास पाण्यावांचून माती उडून जाते. दुसऱ्या टोंकास पाण्याबरोबर मातीचा कस वाहून जातो. दोन्हीकडील शेतकऱ्यापुढें प्रश्न मात्र एकच असतो. जमिनीनें आपणांस जें दिलें, तें तिला परत कसें द्यावें? ह्या प्रश्नाचा शोध करण्यांत ज्यानें आपलें दीर्घ आयुष्य वेंचलें अशा एका पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन.

मॅन यांचा जन्म १८७२ सालीं इंग्लंडांतील यॉर्क शहरीं झाला. लीड्स येथें त्यांनीं रसायनशास्त्राचें शिक्षण घेतलें, आणि कांहीं काळ पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येंही काम केलें. नंतर इंग्लंडांतील रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या रसायनशाळेंत डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांच्याबरोबर त्यांनीं संशोधन केलें. हे व्होल्कर म्हणजे ज्यांस हिंदुस्थान सरकारनें १८८९ सालीं येथील शेतीची पाहणी करण्याकरितां बोलाविलें होतें तेच. ते देशभर फिरले, आणि त्यांचा मोठा अहवाल १८९३ सालीं छापून निघाला. येथील शेतकरी अडाणी नाहीं. त्याच्या कसबांत फारसें उणें नाहीं. उणें आहे तें खताचें. सरपणाला लांकूड नाहीं म्हणून तो शेण जाळतो आणि शेत उपाशी राहतें, असें त्या अहवालाचें एक मुख्य म्हणणें होतें. शेतकऱ्याला हंसण्यापूर्वीं त्याच्या रीतीचें कारण शोधावें, ही जी वृत्ति त्या अहवालांत आहे तीच पुढें मॅन यांच्या कामांतही दिसून येते.

त्या दिवसांत शेतीच्या शास्त्रांत एक मोठा शोध नुकताच लागला होता. डाळीचीं पिकें घेतलीं असतां जमीन सुधारते, हें शेतकऱ्यांस फार जुन्या काळापासून ठाऊक होतें. पण असें कां होतें हें कोणासही सांगतां येत नव्हतें. १८८६ सालीं हेलरीगेल व विल्फार्थ ह्या दोघां जर्मन शास्त्रज्ञांनीं त्याचा उलगडा केला. ताग, मूग, उडीद, हरभरा, भुईमूग ह्यांच्या मुळांवर ज्या बारीक गांठी असतात त्यांत सूक्ष्म जंतु राहतात. ते जंतु हवेंतील नत्र घेऊन पिकाला देतात. नत्र म्हणजे ज्यावांचून पानें पिवळीं पडतात आणि वाढ खुंटते तें द्रव्य. हवेंत तें अमाप आहे, पण भाताला किंवा बाजरीला तें हवेंतून थेट घेतां येत नाहीं. शेंगवर्गांतील पिकाला ह्या जंतूंच्या साह्यानें तें घेतां येतें. वाचकांनीं जोमानें वाढणारें तागाचें किंवा भुईमुगाचें एखादें झाड मुळासकट हलकेंच उपटून पाहावें. मुळावरची गांठ नखानें फोडली आणि ती आंतून तांबूस निघाली, तर तिचें काम चालू आहे असें समजावें. असें पीक कोंवळें असतांना शेतांत गाडणें, ह्यालाच हिरवळीचें खत म्हणतात.

१९०० सालीं मॅन हिंदुस्थानांत आले. चहाच्या मळेवाल्यांच्या संघानें त्यांस आपला शास्त्रीय अधिकारी नेमिलें, आणि १९०७ पर्यंत त्यांनीं आसाम व बंगाल ह्या बाजूस काम केलें. चहाच्या जमिनी, त्यांचीं खतें आणि चहाच्या झाडावरील कीड व रोग ह्यांविषयीं त्यांनीं ग्रंथ लिहिले. चहाच्या ओळींमध्यें उडदाच्या जातीचें पीक पेरून तें मातींत मिसळण्याची रीत त्या प्रांतांत चालत असे. अशा रीतीनें हिरवळीच्या खताशीं त्यांचा परिचय तरुणपणींच झाला. पण ह्या विषयाचें खरें कोडें त्यांस आयुष्याच्या अगदीं उतारावर सोडवावयाचें होतें. त्याची हकीकत पुढें येईल.

१९०७ सालीं ते पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल झाले. पुण्याच्या पश्चिमेस मावळ, त्याच्यापलीकडे कोंकण. दोन्ही भाताचे मुलूख. तेथें एक रीत पूर्वापार चालत आली होती आणि तिच्यावरून सरकार व रयत ह्यांच्यांत मोठा तंटा माजला होता. ती रीत म्हणजे राब.

अकोल्याकडील वाचकांस राब ठाऊक आहेच. तिसगांवकडील वाचकांसाठीं थोडें सांगतों. भात एकदम शेतांत पेरीत नाहींत. आधीं एका लहान तुकड्यांत दाट पेरून रोपें करितात आणि पाऊस स्थिर झाल्यावर तीं उपटून मोठ्या शेतांत लावितात. रोपांचा हा तुकडा उन्हाळ्यांत भाजावयाचा असतो. जमिनीवर शेण पसरावयाचें. त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, रचावयाचा. त्यावर गवत आणि पातेरा, आणि सर्वांवर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याची दिशा पाहून विस्तव लावावयाचा, म्हणजे तो भडकत नाहीं, धुमसत राहतो. पाऊस पडला कीं त्या भाजलेल्या जागेंत बीं टाकावयाचें. राबावरचें रोप काळेंभोर, जाड आणि तणावांचून वाढतें. न भाजलेल्या जागेवरचें रोप पिवळें आणि किडकिडीत राहतें. हें शेतकऱ्यानें पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनीं पाहिलें होतें.

पण कवळासाठीं दर वर्षीं झाडें तोडावीं लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जंगल खात्यानें राने राखून ठेवण्यास आरंभ केला, तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील लोकांस कवळ मिळणें कठीण झालें. कागाळ्या इतक्या वाढल्या कीं मुंबई सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. खात्याचे लोक म्हणत, राब म्हणजे रानाचा निव्वळ नाश. रयत म्हणे, राबावांचून भात नाहीं आणि भातावांचून आम्ही नाहीं. एका बाजूला कायदा होता, दुसऱ्या बाजूला पोट होतें. पण राबानें नेमकें काय घडतें हें मातींत हात घालून शोधण्याचें काम नीटपणें व्हावयाचें राहिलें होतें.

तें मॅन यांनीं हातीं घेतलें. त्यांच्याबरोबर एन्. व्ही. जोशी व एन्. व्ही. कानिटकर हे दोघे महाराष्ट्रीय संशोधक होते. पश्चिम हिंदुस्थानांतील राबाच्या पद्धतीवर तिघांचा निबंध १९१२ सालीं सरकारी शेतकी खात्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. राखेचा परिणाम किती, तापण्याचा परिणाम किती, असे भाग वेगळे करून पाहावे, अशी त्यांची दृष्टि होती. राबाचा गुण नुसत्या राखेंत नाहीं. जमीन तापते ह्यालाच त्यांत मोठा वाटा आहे, असें त्यांच्या कामांतून दिसून आलें. म्हणजे शेतकऱ्याची रीत ही खुळी समजूत नव्हती. तिला आधार होता.

ह्या रीतीचा हिशेब आजच्या ज्ञानानें मांडला तर तो असा होतो. माती तापली म्हणजे तिच्या वरच्या थरांतील अडकून राहिलेलें नत्र मोकळें होतें आणि रोपाला लवकर मिळतें. तणाचें बीं जळून जातें. राखेंतून पालाश व चुना मिळतो. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी कीं शेणांतील व पाल्यांतील बहुतेक नत्र धुरावाटे हवेंत निघून जातें. जो काडीकचरा कुजून जमीन भुसभुशीत करणार, तोही जळून जातो. शिवाय राब होतो तो रोपांच्या तुकड्यांत. रोपाची जागा लावणीच्या शेताच्या मानानें अगदीं थोडी, सुमारे एक दशांश. त्या दशांशाचें पोट भरण्यासाठीं आसपासच्या रानाचा पाला आणि गोठ्याचें शेण खर्चीं पडतें, आणि उरलेले नऊ भाग रिकाम्या हातानें राहतात. तोच पाला हिरवा असतांना मोठ्या शेतांतील चिखलांत तुडविला तर काय होईल, हा विचार येथून सुचतो. पण शेतकऱ्याला नुसतें राब सोड असें सांगून भागत नाहीं. त्याचें रोप मुसळधार पावसांत टिकावें कसें, ह्याचें उत्तर आधीं द्यावें लागतें. मॅन यांच्या कामापासून हा धडा प्रत्येक उपदेशकानें घेण्याजोगा आहे.

पिकाच्या मुळाशीं पाहतां पाहतां मॅन यांची दृष्टि पिकविणाऱ्याच्या चुलीकडे वळली. पुण्याजवळ पिंपळें सौदागर नांवाचें गांव होतें. आज तेथें उंच इमारती उभ्या आहेत आणि तें पिंपरी-चिंचवड शहरांत गेलें आहे. त्या काळीं तें साधें शेतकऱ्यांचें खेडें होतें. तेथें मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह घर अन् घर आणि शेत अन् शेत पाहिलें. त्यांचें पुस्तक १९१७ सालीं निघालें. १७७१ सालीं त्या गांवीं दर खातेदारामागें सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकर झाली. १९१४-१५ सालीं ७ एकरांवर आली. तीही एका जागीं नव्हती. वांटण्या होऊन तिचे तुकडे तुकडे झाले होते. पाहिलेल्या १०३ कुटुंबांपैकीं केवळ शेतीवर नीट निभाव लागे अशीं कुटुंबें अवघीं ८ होतीं. बाहेरच्या मजुरीची जोड मिळून निभावणारीं २८. उरलेलीं ६७ कुटुंबें तोट्यांत होतीं. हे आंकडे पाहिले म्हणजे शेतकरी शेण कां जाळतो आणि हिरवळीच्या पिकासाठीं एक हंगाम रान अडकवून कां ठेवीत नाहीं, हें न सांगतां समजतें. ज्याला ह्या वर्षाचें खाणें पुरत नाहीं, त्याला पुढल्या वर्षाच्या मातीची काळजी करण्यास सवड कोठून मिळणार?

गांवाच्या वेशीबाहेर राहणाऱ्यांकडेही मॅन यांचें लक्ष गेलें. त्या काळच्या समाजानें ज्यांस अस्पृश्य ठरविलें होतें त्यांच्या पुणें शहरांतील व खेड्यांतील स्थितीवर त्यांनीं निबंध लिहिले. त्यांची मिळकत किती, घर कसें, कर्ज किती, हें सारें त्यांनीं नीट विचारून टिपून ठेविलें. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ सालीं काढलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या पुणें शाखेचे ते अध्यक्ष होते. शेतकी कॉलेजाच्या मोठ्या अधिकाऱ्यानें ह्या कामांत उघडपणें पुढें व्हावें, ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या आजोबा-पणजोबांनीं तेच दिवस काढले आहेत, म्हणून ही गोष्ट येथें नोंदविणें योग्य वाटतें.

दुसरें पुस्तक जातेगांव बुद्रुक ह्या गांवाविषयीं होतें. तें मॅन व कानिटकर यांनीं मिळून १९२१ सालीं प्रसिद्ध केलें. हें गांव पुणें जिल्ह्याच्या कोरड्या भागांतलें, म्हणजे आमच्या तिसगांवसारखेंच पावसाच्या भरंवशावर जगणारें. तेथील स्थिति पिंपळें सौदागरपेक्षांही वाईट निघाली. पुढें ह्याच कानिटकरांनीं सोलापुराकडे जिरायत शेतीच्या संशोधनांत मोठें नांव मिळविलें, आणि हिंदुस्थानांतील जिरायत शेतीवर त्यांचा ग्रंथ १९४४ सालीं निघाला. बांध घालून पाणी अडवावें, ठराविक वर्षांनीं खोल नांगरट करावी, शेणखत घालावें, पेरणी पातळ व रुंद अंतरावर करावी, वारंवार कोळपणी करावी, ही जी शिकवण आमच्या भागांत वडीलधाऱ्यांच्या तोंडीं आहे, ती त्या संशोधनाशीं जुळते. राबाच्या चिखलापासून निघालेली वाट अशी आमच्या कोरड्या माळापर्यंत आली.

मॅन पुढें मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे डायरेक्टर झाले. १९२७ सालीं ते नोकरींतून निवृत्त होऊन स्वदेशीं गेले. त्यांचें वय तेव्हां ५५ होतें. पुष्कळ अधिकारी ह्या वयांत पेन्शन घेऊन बागेंत खुर्ची टाकून बसत. मॅन यांनीं तसें केलें नाहीं. १९२८ सालीं त्यांनीं वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर काम सुरू केलें आणि तें १९५६ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८४ व्या वर्षापर्यंत, सोडलें नाहीं.

वोबर्न येथील जमीन हलकी, वाळूसर. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या वर्षांपासून हिरवळीच्या खताचा एक प्रयोग चालू होता. एका तुकड्यांत मोहरी वाढवून गाडीत. दुसऱ्यांत वाटाण्याच्या कुळांतील एक वेल वाढवून गाडीत. आणि नंतर दोहोंवर गहूं घेत. मोहरीच्या मुळांवर गांठी नसतात. ती हवेंतील नत्र घेऊं शकत नाहीं. वेल घेऊं शकतो. तेव्हां वेलाच्या तुकड्यांत गहूं उत्तम यावा, हें शाळेंतील मुलालाही सांगतां आलें असतें. पण शेतानें तसें ऐकलें नाहीं. वेलावरचा गहूं मोहरीवरच्या गव्हापेक्षां सरस येईना. कित्येकदां तो उणाच पडे. पुढें पुढें दोन्ही तुकड्यांतील पीक दीनवाणें होत गेलें. जमिनींत खत तर दर खेपेस गाडलें जात होतें, मग तें जात होतें कोठें?

मॅन यांनीं क्रौथर ह्या शास्त्रज्ञांबरोबर ह्या प्रश्नाचा माग काढिला, आणि त्यांचा निबंध १९३३ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तर असें निघालें कीं खत चोरीस जात होतें, आणि चोर होता पाऊस. कोंवळा वेल मातींत पडतांच झपाट्यानें कुजे. त्यांतील नत्राचा पाण्यांत विरघळणारा क्षार होई. त्या वेळीं गव्हाचें रोप इवलेंसें असे. तें एवढें अन्न घेणार कसें? मग हिंवाळ्याचा पाऊस येई, वाळूसर मातींतून पाणी खालीं उतरे, आणि तो क्षार आपल्याबरोबर घेऊन जाई. वसंत ऋतूंत गहूं वाढीस लागे तोंवर कोठार रिकामें झालेलें असे. खत चांगलें होतें, तें भरपूरही होतें. पण पिकाच्या तोंडाशीं तें चुकीच्या वेळीं आलें. ह्या विषयाचा पाठपुरावा मॅन यांनीं शेवटपर्यंत केला. हिरवळीच्या खताच्या शेतांतील प्रयोगांवर त्यांचे निबंध १९५८ व १९५९ सालीं निघाले. तेव्हां त्यांचें वय ८५ च्या पलीकडे गेलें होतें. १९६१ सालीं वयाच्या ८९ व्या वर्षीं ते निधन पावले.

आतां वोबर्नच्या त्या गव्हाचा अकोल्याच्या भाताशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. भाताच्या खाचरांत पाणी साचून राहतें, म्हणून तेथील मातींत हवा शिरत नाहीं. अशा मातींत हिरवळ कुजली म्हणजे तिचें नत्र अमोनियाच्या रूपांत राहतें, आणि ह्या रूपांत मातीचे बारीक कण त्याला धरून ठेवितात. तें सहजासहजीं वाहून जात नाहीं. पण हिरवळ गाडून खाचर कोरडें पडूं दिलें, तर हवा आंत शिरते आणि त्याच नत्राचा विरघळणारा क्षार होतो. मग पुन्हां पाणी भरलें कीं तो क्षार कांहीं वाहून जातो आणि कांहीं वायु होऊन उडून जातो. वोबर्नला जें हिंवाळ्यांत होत होतें तेंच येथें आषाढांत होतें. म्हणून भातकऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हिरवळ गाडावी, त्याबरोबर चिखलणी करावी आणि पाणी राखावें. मग लावणीला फार उशीर करूं नये.

गाडण्याचें वयही पाहावें लागतें. ताग किंवा धैंचा पेरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत, फुलावर येण्याच्या सुमारास, गाडावा. त्या वेळीं तो भरपूर वाढलेला असतो आणि खोडही कोंवळें असतें. असा कोंवळा पाला लावणीच्या थोडे दिवस आधीं गाडला तरी चालतो. पीक जून होऊं दिलें तर खोड लांकडासारखें होतें. तें कुजविणाऱ्या जंतूंना स्वतःलाच नत्र लागतें. तें ते मातींतून घेतात, आणि कांहीं दिवस भाताचें रोप पिवळें पडतें. जून पीक गाडावेंच लागलें तर दोन-तीन आठवडे आधीं गाडावें. ताग पाणी तुंबलेल्या जागेंत तग धरीत नाहीं. धैंचा धरतो, आणि क्षारट जमिनींतही येतो. धैंच्याचें चांगलें वाढलेलें पीक हेक्टरीं ६० किलो किंवा त्याहून अधिक नत्र जमिनीला देऊं शकतें.

परंतु येथें खरी अडचण पुढें येते. अकोल्याकडे पाऊस जूनमध्यें येतो आणि लावणी जुलैमध्यें होते. धैंचा पेरून दीड महिना वाढवावयाला मध्यें वेळच नाहीं. उन्हाळ्यांत पाणी असेल त्यालाच तें जमावें. पुस्तकांतील सल्ला येथें अडतो आणि पुष्कळ शेतकरी हिरवळीचें नांव सोडून देतात. तो अडसर गिरिपुष्पानें दूर होतो. हें शेंगवर्गांतीलच झाड आहे. तें बांधावर लावावें; फांदी खोंवली तरी जगते. त्याचें पीक शेतांत घ्यावें लागत नाहीं, म्हणून एक गुंठाही अडत नाहीं. लावणीच्या सुमारे आठवडाभर आधीं त्याच्या कोंवळ्या फांद्या तोडून खाचरांत पसराव्या व चिखलांत तुडवाव्या. पाला लवकर गळून कुजतो. उरलेल्या काड्या वेंचून चुलीस न्याव्या. महाराष्ट्रांत जी चारसूत्री भातलागवड शिकविली जाते तिच्यांत हेक्टरीं सुमारे ३ टन असा पाला घालण्यास सांगितलें आहे. त्यांतून अजमासें २० किलो नत्र मिळतें, म्हणजे युरियाच्या एका गोणींत असतें जवळजवळ तितकें. तेवढ्यावर भाताची सारी गरज भागत नाहीं, हें खरें. पण गोणीपेक्षां पाला एक गोष्ट अधिक देतो. तो कुजून माती मऊ करितो, आणि ती मातीच पुढलें खत धरून ठेविते.

त्याच चारसूत्रींत रोपांच्या जागेंत भाताच्या तुसाची राख मिसळण्यास सांगितलें आहे. तिनें रोप कणखर होतें. पाहा, राबाच्या रीतींत जें खरें होतें त्यांतील एक धागा येथें राखला गेला, आणि त्यासाठीं रानांतील एकही फांदी तोडावी लागली नाहीं. शेतकऱ्याची जुनी रीत कां चालते हें आधीं समजून घेतलें, म्हणजे तिच्यांतील नुकसान टाळण्याची वाट अशी सांपडते. आजही कांहीं गांवीं राब भाजतात. भाजणाऱ्यांस दोष देत बसण्यापेक्षां त्यांच्या बांधावर गिरिपुष्पाच्या चार फांद्या लावून देणें बरें.

आमच्या तिसगांवच्या बाजूस हें सारें जसेंच्या तसें लागू पडत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. कोरड्या रानांत ताग पेरला तर तो जमिनींतील ओल पिऊन टाकितो. पुढें पाऊस हुकला तर गाडलेला ताग कुजतही नाहीं आणि ज्वारीला ओलही उरत नाहीं. येथें बांध घालून माती व पाणी अडविणें हें पहिलें खत. तुरीचा पाला रानांत गळूं द्यावा. मूग घेतल्यावर त्याचा भुसा गुरांना आणि गुरांचें शेण रानाला, हा फेरा मोडूं देऊं नये. बांधावर गिरिपुष्प असेल तर त्याचा पाला पावसाच्या दिवसांत सऱ्यांत घालावा. शेजाऱ्याचें औषध आपल्या दुखण्यास विचारपूस केल्यावांचून घेऊं नये, हा शहाणपणा शेतालाही लागू आहे.

वाचकहो, मॅन यांनीं कोणतेंही नवें यंत्र काढलें नाहीं किंवा एखादें नवें बियाणें आपल्या नांवानें मागें ठेविलें नाहीं. त्यांनीं प्रश्न विचारिले, आणि उत्तर मिळेपर्यंत ते बांधावरून हटले नाहींत. राब कां भाजतोस, हें त्यांनीं मावळांतील शेतकऱ्याच्या मातीला विचारिलें. कर्ज कां होतें, हें पिंपळें सौदागरच्या घरांना विचारिलें. गाडलेलें खत कोठें जातें, हें वोबर्नच्या वाळूला विचारिलें. त्यांच्या आयुष्याचा सारांश एका ओळींत सांगावयाचा तर असा सांगतां येईल. जमिनीला किती दिलें एवढेंच पाहून भागत नाहीं. तें तिला केव्हां दिलें आणि पिकाच्या मुखीं कधीं पडलें, हेंही पाहावें लागतें.

पुढल्या पावसाळ्यापूर्वीं आपल्या बांधावर एक फेरी मारावी. कोठें उतार आहे, कोठून पाणी निसटतें, कोणत्या झाडाचा पाला वायां जातो, हें पाहून ठेवावें. आपल्या मुलांसही बरोबर न्यावें आणि तागाच्या किंवा मुगाच्या मुळावरील गांठ त्यांस फोडून दाखवावी. तिच्यांतील तांबूस रंग एकदां पाहिलेलें मूल हिरव्या पाल्याला कचरा म्हणणार नाहीं.